फ्रँचायझी विकताना खरेदीदार कोणाचा? लीड आणि हस्तांतरण शुल्काचा वाद

मूळ लेखन

चालू केंद्र विकणाऱ्या फ्रँचायझीधारकाने, म्हणजे कंपनीचे नाव आणि पद्धत वापरून केंद्र चालवणाऱ्याने, मूळ कंपनीला हस्तांतरण शुल्क द्यावे, याला माझा विरोध नाही. खरेदीदाराची ऐपत तपासणे, त्याला प्रशिक्षण देणे, नवा करार करणे या कामांना खर्च येतोच. माझा आक्षेप आहे तो, खरेदीदाराचे नाव कंपनीच्या लीडच्या, म्हणजे संभाव्य खरेदीदारांच्या, यादीत आधीपासून असल्यास शुल्क वाढवणाऱ्या किंवा वर दलाली लावणाऱ्या कलमावर. कोणी काही वर्षांपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर चौकशीचा अर्ज भरला, पुढे काहीच घडले नाही, आणि आज विक्रेत्याने स्वतःच्या खर्चाने जाहिरात देऊन, हिशेब उघडे करून त्याला राजी केले, तरी तो कंपनीचाच ठरतो. हा सरळ अन्याय आहे. वाढीव शुल्क सौदा जुळवणाऱ्याला मिळावे; केवळ नाव आधी नोंदवणाऱ्याचा त्यावर हक्क नाही.

पहिला प्रतिसाद

मी असहमत आहे. लीड मिळवण्यासाठी कंपनी जाहिरातींवर आणि दलालांवर खर्च करते. दलालाने नोंदवलेल्या व्यक्तीने ठरलेल्या मुदतीत खरेदी केली, तर करारानुसार दलालाला मोबदला द्यावा लागू शकतो, मग ते केंद्र नवे असो वा जुने. शिवाय तीच व्यक्ती नव्या केंद्रासाठी आली असती, तर कंपनीला पूर्ण प्रारंभिक शुल्क मिळाले असते. हस्तांतरणात बहुधा त्याहून बरेच कमी मिळते. ही तूट कंपनीने का सोसावी?

दुसरा प्रतिसाद

तुटीचा हिशेब अर्धाच मांडला आहे. केंद्र विकले गेले नाही आणि बंद पडले, तर कंपनीची रॉयल्टीही, म्हणजे केंद्राकडून नियमित मिळणारे शुल्कही, थांबते, म्हणजे पुनर्विक्रीत तिचाही लाभ असतो. मात्र मूळ लेखकाशीही मी पूर्ण सहमत नाही. पुनर्विक्रीतून काहीच जास्त मिळणार नसेल, तर कंपनी आपल्याकडचा इच्छुक खरेदीदार नव्या केंद्राकडेच वळवेल, आणि विक्रेता वाट पाहत राहील. कंपनीने खरोखर पाठवलेल्या लीडवर जास्त शुल्क घेणे विक्रेत्याच्याही हिताचे ठरू शकते.

मूळ लेखकाचे उत्तर

'खरोखर पाठवलेल्या' हे मला मान्य आहे. पण मग कंपनीने ते नाव विक्रेत्याला तारखेसह लेखी कळवलेले असावे आणि नोंदीला मुदत असावी. आकारणीचा नियम करारावर सही करण्यापूर्वीच माहीत असणेही तितकेच गरजेचे आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या नियमानुसार कंपनीला फ्रँचायझी घेऊ इच्छिणाऱ्याला २३ बाबींचा प्रकटीकरण दस्तऐवज, म्हणजे फ्रँचायझीची माहिती उघड करणारा कागद, सहीच्या किमान १४ दिवस आधी द्यावा लागतो; त्यातील सहाव्या बाबीत इतर शुल्के आणि सतराव्या बाबीत हस्तांतरणाच्या अटी येतात. पण कागदावर शुल्काचा आकडा असला आणि लीड कोणाला म्हणायचे याची व्याख्याच नसली, तर त्या आकड्याचा विक्रेत्याला काय उपयोग? भांडणे या व्याख्येवरूनच होऊ शकतात.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

मुदत ठेवली, तर विक्रेता आणि खरेदीदार संगनमताने ती संपेपर्यंत सही लांबवतील.

मूळ लेखकाचे उत्तर

म्हणूनच मुदत सहीच्या तारखेला न मोजता, विक्रीची पहिली लेखी बोलणी ज्या दिवशी झाली त्या दिवशी मोजावी, आणि ती कागदपत्रे मंजुरीच्या अर्जासोबत जोडणे विक्रेत्यावर बंधनकारक असावे.