पाठलागात आधी वेग की आधी वळण? ठाणे–नवी मुंबईच्या सिमवाल्यांनो, मतं येऊ द्या

येऊरची_घार (माजिवडा)

शनिवारी रात्री आपण आयएल-२ (दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढाईचं कॉम्प्युटर सिम) खेळतो तेव्हा जे चालतं ते बघून हा धागा काढतोय. समोर वन-ओ-नाइन (जर्मन मेसरश्मिट १०९) दिसलं की निम्मी मंडळी त्याच्या शेपटीवर नाक रोखतात आणि स्टिक पोटाला लागेपर्यंत ओढतात. गेल्या खेपेचं रेकॉर्डिंग टॅकव्ह्यूमध्ये (उड्डाण परत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लावून बघा. आपला याक-१ (रशियन लढाऊ विमान) पहिल्या वळणात शिरला तेव्हा ताशी ४८० किमी, अर्ध्या वर्तुळाला ३४०, पूर्ण वर्तुळाला २७०. तोवर वन-ओ-नाइनवाल्याने वळण सोडून चढायला सुरुवात केली होती. आपला गडी नाक वर करून लटकला, स्टॉल झाला (पंखांची उचल सुटली), आणि ज्याचा पाठलाग चालला होता त्यानेच वरून येऊन टिपला.

पाठलाग म्हणजे सतत नाक शत्रूवर ठेवणं नाही, हे माझं मत. तो वळतोय तर नाक त्याच्या मागे पडू द्या, म्हणजे लॅग पर्सूट. अंतर फार भराभर कमी होत असेल तर वर जा आणि वरून त्याचं वळण कापा. त्याच्या पुढे नाक काढायचं ते फक्त गोळी झाडण्यापुरतं. नवीन पोरांना पहिल्या दिवसापासून वळणं शिकवणं बंद करा, आधी वेग राखायला शिकवा.

ऐरोली_याक

घारभाऊ, अजिबात पटलं नाही. वेगाचे भक्त आपल्याकडे कसे खेळतात माहितीये ना? सहा हजार मीटरवरून सुसाट खाली येतात, एक फैर झाडतात, ती हुकते, की परत सहा हजारावर. तासभर हाच उद्योग. याला पाठलाग म्हणायचं?

आणि गणित तुमच्या विरोधात आहे. ६ जी (वळताना वजनाच्या सहापट भार) धरून ताशी ५४० ने वळलात तर वर्तुळाची त्रिज्या साधारण ३९० मीटर आणि पूर्ण फेरीला १६ सेकंद. तेच ६ जी ताशी ७२० ला धरलेत तर त्रिज्या ६९० मीटरच्या आसपास, फेरीला २२ सेकंद. जी तेवढेच, पण वेगवान माणूस बाहेर फेकला जातो आणि ओव्हरशूट होऊन, म्हणजे पुढे निघून जाऊन, समोरच्याच्या गनसाइटमध्ये जाऊन बसतो. मी याक उडवतो तो याचसाठी. समोरच्याला वेगात येऊ द्यायचं, आपण आत वळायचं.

पामबीच_पतंग

सहा हजारावरून येणाऱ्यांत मी आहे. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

येऊरची_घार (माजिवडा)

@ऐरोली_याक, आकडे बरोबर, पण अर्धेच. ५४० ला ६ जी म्हणालात, ते ५४० टिकतात किती वेळ? त्या काळच्या इंजिनाला ६ जी चं वळण धरून वेग राखणं झेपत नाही. तो घसरणारच. सरळ उड्डाणात ताशी १६० ला स्टॉल होणारं विमान घ्या. जी च्या वर्गमुळाने गुणलं की त्याला ६ जी साठी किमान ३९० लागतात. त्याखाली स्टिक कितीही ओढा, ६ जी मिळतच नाहीत, पंख थरथरतात आणि विमान खाली बसतं. आपला याकवाला २७० ला होता, म्हणजे तीन जी सुद्धा जेमतेम. आता तुमचं आतलं वळण कुठे गेलं?

राहिला ओव्हरशूट. ७२० ने येणाऱ्याला ५४० वर यायचं असेल तर लोक थ्रॉटल (इंजिनाचा जोर) मागे घेतात, म्हणजे कमावलेलं फुकट घालवतात. तोच वेग वर चढून उतरवा. हवेचा विरोध सोडला तर साधारण ८९० मीटर उंची हातात येते. याचंच नाव हाय यो-यो. वळणाच्या वरच्या टोकाला तुमचा वेग हवा तेवढा कमी, वर्तुळ लहान, आणि खाली येताना सगळं परत. घोडबंदरला गायमुखचा चढ चढणारा भरलेला ट्रक बघा, पायथ्याशी ब्रेक मारला की संपलं, वरपर्यंत पहिल्या गिअरमध्ये रडत जातो.

नौपाडा_काका

दोघंही जोरात आहात म्हणून मध्ये पडतो. घार जे सांगतोय त्याला अमेरिकन हवाई दलाच्या जॉन बॉइडने थॉमस ख्रिस्टी या गणितज्ञाबरोबर १९६० च्या दशकात नीट सूत्रात बसवलं. इंजिनाच्या रेट्यातून हवेचा विरोध वजा करा, वेगाने गुणा, वजनाने भागा. येणारा आकडा धन असेल तर चढायला किंवा वेग वाढवायला शिल्लक आहे, ऋण असेल तर तुम्ही साठ्यातून खर्च करताय. याकचा आणि वन-ओ-नाइनचा हा आकडा उंचीप्रमाणे बदलतो. दोन हजारावर जमणारी गोष्ट सहा हजारावर जमत नाही, आणि आपल्याकडे भांडणारे उंची कधी सांगतच नाहीत!

पण ऐरोलीचंही अगदीच चुकत नाही. पॅसिफिकमधलं जपानी झीरो मंद वेगात कोणालाही आत वळून मारायचं. जून १९४२ मध्ये अल्युशियन बेटांवर पडलेलं एक झीरो अमेरिकनांच्या हाती लागलं, त्यांनी ते दुरुस्त करून उडवलं. तेव्हा दिसलं की जास्त वेगात त्याचे एलरॉन (पंखांवरच्या, गिरकी देणाऱ्या पट्ट्या) जड होतात आणि उणे जी ला, म्हणजे नाक झटकन खाली ढकललं की, इंजिन खोकतं. म्हणून सल्ला असा, की त्याला वेगात ओढा आणि तिथे गिरकी घ्या. म्हणजे वेग किती हवा ते समोर कोण आहे त्यावर ठरतं. नुसतं ‘वेग राखा’ हे अर्धवट आहे.

आणि एक. अमेरिकनांचं वाइल्डकॅट झीरोपेक्षा चढायलाही कमी आणि वळायलाही कमी. अमेरिकन नौदलाच्या थॅचने मिडवेच्या लढाईत, जून १९४२ मध्येच, काय केलं? दोघांनी एकमेकांकडे वळत राहायचं, म्हणजे एकाच्या शेपटीला लागलेला दुसऱ्याच्या तोफेसमोर येतो. आपल्या शनिवारी कुणाला जोडीदार दिसत नाही, सगळे एकाच सावजामागे. मूळ रोग तो आहे.

ऐरोली_याक

काका, थॅचचं मान्य. पण ‘उंची आणि वेग घेऊन ये, मग लढ’ हे ऐकलं की मला श्रीनगर आठवतं. १४ डिसेंबर १९७१, तळावर पाकिस्तानी सेबर विमानं बॉम्ब टाकतायत आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन त्याच धावपट्टीवरून वर आले. कुठली उंची, कुठला वेग? तसेच सेबरना जाऊन भिडले. वळता येत होतं म्हणूनच ना?

नौपाडा_काका

त्यांच्यासमोर पर्याय नव्हता, बाळा. ते गेले, हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. ज्याला पर्याय आहे त्याने ती वेळ स्वतःहून ओढवून घ्यायची, याला त्यांचा दाखला देऊ नकोस.

ऐरोली_याक

काका, दाखला त्यासाठी नाही दिला. वेग नसतानाही लढता आलं पाहिजे, एवढंच म्हणतोय. पण असो, तो मुद्दा सोडतो.

उलवेकरीण

वळण-वळण करताय सगळे, पण निम्मा वेग तुम्ही सरळ उडतानाच सांडता. माझ्याशेजारी उडणाऱ्याचं विमान बघते तर बॉल (विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारी गोळी) एका बाजूला गेलेला, विमान तिरकं सरकतंय, आणि साहेब विचारतात ‘तू कशी पुढे जातेस?’ थ्रॉटल बदलला की रडर (शेपटीचं सुकाणू) बदलावा लागतो, एवढंच. दुसरं म्हणजे रेडिएटर. याकचे पाण्याचे आणि तेलाचे दोन्ही झडपे हाताने चालवायचे असतात. तापमान काट्यावर खाली असूनही पूर्ण उघडे ठेवून लोक पाठलागाला निघतात. वन-ओ-नाइन एफ-४ मध्ये पाण्याचा रेडिएटर आपोआप चालतो, म्हणून तिकडून आलेल्यांच्या हे डोक्यातच येत नाही.

फ्लॅपचं (पंखांमागच्या, खाली सोडायच्या पट्ट्यांचं) तर विचारूच नका. वळणात टाकतात आणि विसरतात. २५ डिसेंबर २०२५ पासून आमच्या इकडच्या विमानतळावर खरी विमानं उतरायला लागलीत. गच्चीतून बघा, फ्लॅप आणि चाकं सोडलेलं विमान कसं हवेला टेकून येतं. तुम्ही तसल्या अवतारात शत्रूमागे धावता.

आणि जी ओढताना थोडा विचार करा. या सिममध्ये वैमानिकही दमतो. लागोपाठ दोनतीनदा कचकावून ओढलं की पुढच्या वेळी कमी जी ला डोळ्यांपुढे अंधारी येते.

कळवा_नवखा

मी नवीन आहे. दादा, ताई, काका, सगळ्यांचं वाचलं. शनिवारी मी फक्त मरतो. शत्रू वळला की तो मला कॅनॉपीच्या (डोक्यावरच्या काचेच्या) वर दिसतो, मग गायब. तेव्हा नक्की करू काय?

येऊरची_घार (माजिवडा)

वर दिसून मग तो गायब होतोय म्हणजे तू जास्त ओढून नाक त्याच्या पुढे नेतोयस, तो तुझ्या नाकाखाली जातो. ओढ कमी कर, तो समोरच्या काचेच्या वरच्या कडेला दिसत राहील इतपतच वळ. ताशी ३५० च्या खाली काटा गेला की वळण सोड, हलकंसं नाक खाली घालून सरळ निघून जा. पळालास म्हणून कुणी हसणार नाही.

ऐरोली_याक

आम्ही हसणार. नवख्या, दादाचं ऐकलंस तर जगशील, पण कुणाला पाडणार नाहीस. आधी एकट्याने, शत्रू नसताना, विमान स्टॉलच्या काठावर धरायला शीक. थरथर हाताला कळली पाहिजे, काट्याकडे न बघता. लढाईत काटा बघायला सवड कुणाला असते?

उलवेकरीण

हे मात्र ऐरोलीचं बरोबर. थरथर ऐकू येते सुद्धा, हेडफोन चांगला असेल तर.

येऊरची_घार (माजिवडा)

ठीक. या शनिवारी साडेदहाला मी आणि ऐरोली. दोघंही याक-१, म्हणजे विमानाचं निमित्त नको. २००० मीटर, समोरासमोर, निम्मं इंधन. तो वळेल, मी वर जाईन.

ऐरोली_याक

कबूल. पण पहिल्या वळणात तू सरळ निघून गेलास आणि पाच मिनिटांनी डोंगराएवढी उंची घेऊन परत आलास तर ती लढत धरायची नाही. दोन किलोमीटरच्या बाहेर गेला तो हरला.

येऊरची_घार (माजिवडा)

दोन नाही, चार. दोन किलोमीटरमध्ये चढायचं कसं?

पामबीच_पतंग

तीन करा आणि झोपा. अंतर मोजायला मी सहा हजारावर थांबतो.