मदत हवी आहे: अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटींमधले प्रोस्टेट कॅन्सरचे दर

नमस्कार. अमेरिकेतल्या ग्रामीण आणि शहरी काउंटींमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) प्रोस्टेट कॅन्सरच्या दरांची तुलना करतेय. वर्गीकरण तिथल्या कृषी खात्याच्या १ ते ९ कोडनुसार (१ म्हणजे सर्वांत शहरी, ९ म्हणजे सर्वांत ग्रामीण) घेतलंय. अडचण अशी, की काउंटीत १६ पेक्षा कमी रुग्ण असले तर सरकारी आकडेवारीत तिचा आकडा जाहीरच करत नाहीत, आणि त्यात नेमका ग्रामीण भाग गळतो. शेजारच्या काउंटी एकत्र कराव्यात का?

शिवाय २०१२ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीकडून (यूएसपीएसटीएफ) पीएसए तपासणी, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सर शोधण्यासाठीची रक्तचाचणी, नको असा सल्ला आला. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी तो सैल झाला. तपासणी कमी तिथे निदानही कमी, त्यामुळे ग्रामीण भागातल्या कमी दरावर माझा विश्वास बसत नाही. उशिरा निदान झालेल्यांचा दर वेगळा काढला तर खरं चित्र दिसेल का? असं काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.