मदत हवी आहे: कॉलेजच्या आवारात कुठली झाडं लावावीत?

मंडळी नमस्कार. मी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवते. आवाराचं काम आमच्या समितीकडे आलंय, साधारण दोन एकर. जागा सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची. वीतभर माती, खाली सलग जांभा. गेल्या पावसाळ्यात खड्डे मारून रोपं लावली. जूनमध्ये खड्ड्यांत पाणी तुंबून मुळं कुजली आणि उरलेली एप्रिलच्या उन्हात गेली. एका सुरंगीच्या रोपाला मुलींनी रोज बाटलीतलं उरलेलं पाणी घातलं, तेवढं एकच जगलं. त्याला आता चार नवी पानं आलीत.

कंत्राटदाराने दिलेल्या आराखड्यात परदेशी लॉन आणि शोभेचे ताड आहेत. मला ते अजिबात पटत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मार्चपासून आम्हाला टँकर लागतो. लॉनला पाणी आणायचं कुठून? मला ओवळ (बकुळ), भिरंड (कोकम), सीताअशोक आणि माट्टी (ऐन) हवेत.

जांभ्यात खड्डा किती खोल घ्यावा? तळाचा दगड फोडून पाण्याला वाट करून द्यावी लागते का? छपराचं पाणी चर काढून झाडांकडे वळवलंय का कुणी? आणि सड्याचा एक तुकडा तसाच राखायचाय, पावसाळ्यात तिथे निळी सीतेची आसवं फुलतात. समितीला ते कसं पटवू? त्यांना ती नुसती पडीक जागा वाटते.

बैठक पुढच्या सोमवारी आहे.