बॉलचा टप्पा की उसळी? नेमकं काय म्हणायचं

नववीची पोरं घरी शिकायला येतात, नागपूरला. काल ऊर्जा अक्षय्यतेचा नियम होता म्हणून भिंतीला टेप चिकटवला, दोन मीटरवरून टेनिस बॉल सोडला आन विचारलं, "टप्पा किती आला?" तर मागचं एक पोट्टं म्हणते, "एकच आला सर, मंग मी धरला." सगळे हसले, पण त्याचं चुकलं कुठं? बाउन्सले बरोबर शब्द सांगा बाप्पा.

— पोट्ट्याचं बरोबर आहे सर. टप्पा म्हणजे बॉल टेकतो ती जागा, नाहीतर टेकणं. 'एक टप्पा औट'मध्ये बॉल किती वर गेला हे कोण पाहते? (आम्ही नागपूरच्या महाल भागात टिप्पाच म्हणायचो.) टेकल्यावर वर येते ती उसळी, टेपवर तीच मोजायची. मॅचच्या टेनिस बॉलले 254 सेंमीवरून सोडलं तर उसळी 135 ते 147 सेंमी यायला पाहिजे असा नियमच आहे, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त ऊर्जा परत येते.

— माझा जुनाट बॉल 94 च आला. पण खरा घोळ पुढंच झाला. एक पोरगी म्हणे, "अक्षय्य म्हणजे कधी न संपणारं ना, अक्षय्य तृतीयेसारखं, मग बॉल थांबला काऊन?" मी घाईत बोलून गेलो, "ऊर्जा संपली."

— हाव, तिथंच गचकले तुम्ही. संपली नाही, बॉल दबताना उष्णतेत गेली, थोडी त्या 'टप्प' आवाजात. स्क्वॉशवाले खेळाआधी बॉल मारून मारून गरम करतात, ती उष्णता हीच. अन् 'ऊर्जा संवर्धन' तर अजिबात म्हणू नका, पोरं पंखे बंद करा म्हणून निबंध लिहितील. अक्षय्यताच ठेवा.

— सर, बास्केटबॉलवर टेनिस बॉल ठेवून दोन्ही सोबत सोडून पाहा. कागदावर, काहीच वाया गेलं नाही अन् खालचा बॉल लयच जड धरला, तर वरचा नऊपट उंच जाते. तितका जात नाही, पण अंगणातच करा. त्याले उसळी म्हणायचं का?

— केलं आत्ताच. टेनिस बॉल बाजूच्या काकूंच्या टेरेसवर, अजून आणायचा आहे. बास्केटबॉल मात्र जेमतेम वर आला, एरवीच्या अर्धाही नाही. तेच पोट्टं म्हणते, "सर, हा उसळला नाही, खालच्यानं त्याले भिरकावलं." मी तर वहीत तेच लिहून दिलं.