बँकॉकमध्ये एकच दिवस : ज्येष्ठांना घेऊन काय पाहावे?

शेवंती :
नमस्कार. जानेवारीत आई-वडिलांना घेऊन व्हिएतनामला जाताना वाटेत बँकॉकमध्ये एक दिवस मिळणार आहे. विमान पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरेल आणि पुढचे विमान रात्री उशिरा तेथूनच सुटेल. राजवाडा, निजलेला बुद्ध, वाट अरुणचे देऊळ, दाम्नोएन सादुआकचा तरंगता बाजार, चायनाटाऊन आणि एखादा मोठा मॉल, एवढी यादी घरातल्या सर्वांनी मिळून केली आहे. वडिलांचे गुडघे दुखतात आणि आई शाकाहारी आहे. हे सगळे एका दिवसात बसेल का, आणि बसत नसेल तर काय गाळावे?

नावाडी :
तरंगता बाजार आधी गाळा. तो शहरात नाहीच. सुमारे शंभर किलोमीटरवर राचबुरी प्रांतात आहे आणि जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जाईल. मॉलसाठी बँकॉकचा एकमेव दिवस खर्च करणे मला तरी पटत नाही. उरलेली ठिकाणे मात्र चाओ फ्राया नदीच्या आसपास आहेत, त्यामुळे दिवस नदीच्या आधाराने आखावा.

सामान विमानतळावरच ठेवा. एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासानला उतरून शेजारच्या फेच्चाबुरी स्थानकातून एमआरटी या मेट्रोची निळी मार्गिका पकडली की थेट सनाम चाय येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे स्थानक वाट फो, म्हणजे निजलेल्या बुद्धाच्या देवळाच्या, अगदी जवळ असले, तरी राजवाड्याचे पर्यटकांसाठीचे प्रवेशद्वार उत्तरेकडे आहे, आणि पांढऱ्या तटाच्या कडेकडेने तेथवर चालत जाणे दुखऱ्या गुडघ्यांना नको होईल. तेवढ्या अंतरासाठी टॅक्सी करा. राजवाडा साडेआठला उघडतो आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला थांबते. परदेशी पर्यटकांना तिकीट 500 बाट आहे. उघडताक्षणी आत गेलात तर ऊन आणि सहलींचे जथे दोन्ही टळतात.

त्यानंतर वाट फो. तेथील बुद्ध 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे, पण दालन इतके अरुंद आहे की पूर्ण मूर्ती एका नजरेत मावत नाही. म्हणून पायांच्या बाजूला जाऊन उभे राहावे, म्हणजे तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावकामात कोरलेली 108 शुभचिन्हे निवांत पाहता येतात. थाई मालिशची प्रसिद्ध शाळाही याच आवारात आहे. वडिलांना तेथे पाय चोळून घेऊ द्या; तेवढ्या वेळात तुमचे उरलेले आवार पाहून होईल.

अवलिया :
वरील आखणी योग्य आहे, परंतु राजवाड्याला त्यांनी तिकीट आणि वेळ यांतच गुंडाळले, म्हणून थोडी भर घालतो. राजवाड्याच्या आवारातील मंदिरात पाचूचा बुद्ध पाहायला बहुतेक जण जातात आणि तो जेमतेम 66 सेंटिमीटरचा, शिवाय पाचूचा नसून जेडसारख्या हिरव्या दगडाचा आहे हे कळल्यावर हिरमुसतात. तो फार उंचावर बसवलेला असल्याने छोटी दुर्बीण असल्यास न्यावी. त्याचे सोन्याचे पोशाख ऋतूनुसार वर्षातून तीनदा बदलले जातात आणि हा विधी प्रथेप्रमाणे राजा स्वतः करतो.

खरा खजिना मात्र मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत आहे. तेथे 178 भित्तिचित्रांतून रामकियेन, म्हणजे थाई रामायण, सलग रंगवलेले आहे. उत्तरेच्या बाजूने सुरुवात केली की जनकाला सीता सापडते, तेथून कथा लागते. आपल्या आई-वडिलांना या भिंतींपुढे वाटाड्याची गरज पडणार नाही, पण काही धक्के जरूर बसतील : येथील मारुती पांढरा आहे आणि ब्रह्मचारी तर अजिबात नाही. एका चित्रात तो पर्वताएवढा होऊन रामाचा निवासच तोंडात धरून राखण करतो आहे, कारण मैयराब, म्हणजे आपला महिरावण, रामाला पळवणार असतो. वडीलधाऱ्यांना सावलीत बसून पाहता येईल असे त्या आवारात याहून चांगले दुसरे काही नाही.

शेवंती :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. कपड्यांचे नियम फार कडक आहेत असे ऐकले आहे. आईच्या जेवणाचे काय करावे?

तिखटमीठ :
खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात चपला काढाव्या लागतात, छायाचित्रे काढता येत नाहीत आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नसतात. बाहेर एखादा सभ्य दिसणारा गृहस्थ “आज राजवाडा बंद आहे, दुसरी देवळे दाखवतो” म्हणू लागला, तर सरळ फाटकाकडे चालू लागावे. तो बसवून देतो ती टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा, शेवटी रत्नांच्या दुकानापाशी थांबते.

जेवणासाठी पिवळ्या पाटीवरील लाल ‘जे’ हे थाई अक्षर ओळखायला शिका. तेथे मांस, मासे, अंडी आणि दूध तर नसतेच, पण कांदा-लसूणही नसतो. इतरत्र केवळ “भाजी” म्हणून भागत नाही, कारण माशांचा रस, ‘नाम प्ला’, भाजीतही बेधडक पडतो. चवीत फार प्रयोग नको असतील तर सनाम चायच्या पुढच्याच साम योत स्थानकावरून फाहुरात या भारतीय वस्तीत जावे.

नावाडी :
जेवणानंतर परत येऊन वाट फोजवळच्या ता तियेन धक्क्यावर जा आणि नावेने पलीकडे वाट अरुणला जा. भाडे अगदी किरकोळ आहे. शिखरावरची फुले चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची आहेत, ती खालूनही स्पष्ट दिसतात, त्यामुळे वडिलांनी त्या खड्या पायऱ्या चढण्याचा हट्ट धरू नये. सूर्यास्त मात्र अलीकडच्या काठावरून पाहावा, कारण सूर्य देवळाच्या मागे मावळतो. अंगात त्राण उरले असेल तरच एमआरटीने वाट मंगकोनला उतरून चायनाटाऊनमध्ये फेरी मारा, नाहीतर आल्या मार्गाने परत फिरा. विमानतळावर पारपत्र तपासणीनंतर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प लागते; उभ्या उभ्या पाहण्याजोगे आहे.