टँकचा लाइट १२ व्होल्टचा, तरी हात लागला की झिणझिण्या येतात

अनुबियास_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला राहते. घरी २ बाय १ बाय १ फुटाची टाकी आहे. गप्पी, मॉली आणि थोडी झाडं, अनुबियास आणि जावा फर्न. जुन्या झाकणातला लाइट गेला म्हणून भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत घरीच नवा करून दिला. अॅल्युमिनियमच्या चॅनेलवर पांढऱ्या एलईडी पट्टीच्या तीन ओळी आणि त्याला जाळीचा पत्र्याचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा डबा, १२ व्होल्ट ५ अँपिअर. एसएमपीएस लाकडी झाकणाच्या आतच, मागच्या बाजूला स्क्रूनं बसवलाय. उजेड झकास पडतो, झाडांना नवी पानंही फुटली.

पण चॅनेलला हाताची मागची बाजू घासली की मुंग्या आल्यासारखं होतं. टेस्टर लावला तर मंद पेटतो. बोटाला कापलं होतं तेव्हा पाण्यातही जाणवलं. वायरमनला बोलावलं, तो म्हणाला एवढं असतंच, १२ व्होल्टनं काही होत नाही, पिन उलटी लावून बघा. उलटी लावली, काही फरक नाही.

सासूबाई रोज आंघोळ करून आल्या की आधी माशांना खायला घालतात. हात ओले, पाय अनवाणी, खाली फरशी. त्यांना अजून काही जाणवलेलं नाही, पण मला ते बघवत नाही. १२ व्होल्टला हा करंट येतो कुठून? लाइट ठेवू की काढू? टाकीत १०० वॅटचा काचेचा हिटर आहे, स्पंज फिल्टरला एअर पंप आहे, आणि सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आहे. बोर्ड टाकीच्या स्टँडखाली जमिनीवर असतो.

कुपवाड_गप्पी

ताई, एसएमपीएसची भानगडच नको. खराब झालेले ९ वॅटचे एलईडी बल्ब घ्या, वरची टोपी काढली की आत गोल प्लेट मिळते. बहुतेक वेळा एकच एलईडी जळालेला असतो, तो शॉर्ट केला की प्लेट चालू. चार प्लेटा झाकणाला आतून लावायच्या. खर्च जवळपास शून्य. माझ्या ओळखीत दोघांनी असंच केलंय.

मिरज_बेंच

ताई, हे वाचलंत की आधी एक्स्टेन्शन बोर्डची पिन भिंतीतून काढा, बाकीचं नंतर वाचा. मासे दोन तास लाइटशिवाय आणि हवेशिवाय राहतात.

मी मिरजेत यूपीएस आणि एसएमपीएस दुरुस्त करतो, रोज बेंचवर हेच असतं. घरी टाक्याही आहेत. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

एसएमपीएसची झाकणपट्टी उचलून स्क्रूची रांग बघा. एका टोकाला एल, एन आणि अर्थच्या खुणेचा असे तीन स्क्रू असतील. मला जवळपास खात्री आहे की तिसरा स्क्रू मोकळा आहे, कारण तुम्ही पिन उलटी लावू शकलात, म्हणजे ती दोन पिनांची आहे. झिणझिण्यांचं मूळ तिथंच आहे.

या एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याच्या बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात, तो रेडिओ-टीव्हीत खरखर जाऊ नये म्हणून असतो. बॉडीला अर्थिंग मिळालं तर त्यातून येणारा बारीकसा करंट जमिनीत जातो आणि कुणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर बॉडी फेज आणि न्यूट्रलच्या बरोबर मध्ये तरंगत राहते, म्हणजे २३० च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट. पिन उलटली तरी मधला मधेच राहतो, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. १२ व्होल्टच्या मायनस वायरलाही बहुतेक सप्लायमध्ये आतून तसाच कपॅसिटर असतो, त्यामुळे पट्टीही बॉडीबरोबर तरंगते. पट्टीचं कापलेलं तांब्याचं टोक चॅनेलला टेकलं, किंवा वाफेनं ओलावा धरला, की तेच चॅनेलवर आलं. म्हणजे लाइट १२ व्होल्टचा हे प्लस आणि मायनसच्या मधलं खरं. जमिनीच्या मानानं तो किती व्होल्टवर आहे, हे त्यावरून ठरत नाही.

हा करंट एक मिलीअँपिअरपेक्षाही कमी असतो. माणसाला अर्धा मिलीअँपिअर झाला की जाणवायला लागतो, दहाच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेलं सुटत नाही. म्हणून वायरमन म्हणाला ते एवढ्यापुरतं बरोबर आहे की या झिणझिणीनं जीव जात नाही. पण ‘असतंच’ हे मला अजिबात मान्य नाही. झिणझिणी तुम्हाला सांगते आहे की बॉडीला अर्थ नाही. उद्या झाकणातल्या वाफेनं आत गंज धरला, फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, तर अख्खे २३० व्होल्ट चॅनेलवर येतील आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडणार नाही, कारण करंटला जायला वाटच नाही. ती वाट सासूबाईंच्या हातापायातून मिळेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की २३० व्होल्ट झाकणाच्या आत येताच कामा नये. पाण्यात हिटर आहे तेवढं पुरे, तो त्या कामासाठी सील करून बनवलेला असतो. उघड्या स्क्रूचा एसएमपीएस कोरड्या कपाटासाठी आहे. सांगलीचं बोअरचं पाणी वापरत असाल तर झाकणाच्या आत बघा, काचेच्या कडेला पांढरा खार धरलेला दिसेल. तोच खार त्या स्क्रूंवर बसतो, आणि ओला झाला की त्यातून करंट वाहतो.

कुपवाड दादा, बल्बच्या प्लेटांचं कृपया करू नका आणि त्या दोघांनाही सांगा. स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मरनं मेन्स वेगळी केलेलीच नसते. प्लेटवरचा प्रत्येक पिवळा ठिपका थेट लाइनला जोडलेला असतो. बल्बची टोपी हेच त्याचं इन्शुलेशन, आणि तुम्ही तीच काढताय, तीही पाण्याच्या चार इंच वर. एसएमपीएसमुळे झिणझिण्या येतात, इथं सरळ शॉक बसेल.

कुपवाड_गप्पी

हे खरंच माहीत नव्हतं. मी प्लेटच्या दोन वायरींमध्ये मीटर लावून व्होल्टेज बघितलं होतं, अर्थशी बघितलं नव्हतं. दोघांनाही आजच फोन करतो.

अनुबियास_विश्रामबाग

पिन काढली. तिसरा स्क्रू मोकळाच आहे! आणि पट्टीच्या टोकाशी तांबं हिरवं पडलंय. पण मग पाण्यात का जाणवलं? चॅनेल तर पाण्याला लागत नाही. आणि आता नवं काय घेऊ, ते नेमकं सांगाल का?

मिरज_बेंच

पाण्याचं दोन प्रकारे होऊ शकतं. एक तर चॅनेलवरून वाफेचे थेंब काचेवरून खाली ओघळतात, तेवढी ओल पुरते. दुसरं म्हणजे हिटर. काचेला केसासारखी चीर गेली की आत पाणी शिरतं, आणि तो तरीही गरम होत राहतो. हे हातानं तपासायचं नाही. चांगला वायरमन बोलवा, त्याच्याकडून आधी सॉकेटचं अर्थिंग खरं आहे का ते बघून घ्या. मग मीटरचं एक टोक पाण्यात, दुसरं अर्थला, आणि एकेक वस्तू चालू करायची. लाइट चालू केल्यावर आकडा वर गेला तर वर सांगितलं ते कारण. हिटर चालू केल्यावर वर गेला तर हिटर फेकायचा, दुरुस्त करायचा नाही.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट त्याच्यासमोर उभं राहून बघा. काही जण सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून अर्थच्या पिनला लूप मारतात. मीटर सगळं ठीक दाखवतो, पण न्यूट्रल कुठं तुटली तर घरातल्या प्रत्येक पत्र्याच्या वस्तूवर फेज येते. अर्थची वायर जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते, त्यामुळे खड्ड्यात पाणी घालणं हे उन्हाळ्यातलं काम समजा.

आता काय घ्यायचं. सर्वात आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून पडणारा स्विच, निदान टाकीच्या सर्किटला. एमसीबी वायर वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत फरक पडला की तो क्षणात तोडतो. अर्थिंग नसलेल्या घरातही अंगातून करंट गेला तर तो पडतो. ‘ए’ टाइपचा मिळाला तर तोच घ्या, एसएमपीएससारख्या वस्तूंसाठी तो जास्त योग्य. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं.

लाइटसाठी प्लास्टिकच्या बंद डबीचा, सरळ सॉकेटमध्ये बसणारा १२ व्होल्टचा अॅडॅप्टर. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण हवी, म्हणजे दुहेरी इन्शुलेशन, त्याला अर्थ लागत नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि आर- नं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघून घ्या. अॅडॅप्टर भिंतीवर, टाकीपासून हातभर लांब, पाण्याच्या पातळीच्या वर. झाकणात फक्त १२ व्होल्टची बारीक वायर जाईल. अगदी हलकी झिणझिणी अशा अॅडॅप्टरलाही कधीकधी येते, आत तसाच एक कपॅसिटर असतो म्हणून. त्यासाठी पट्टी सिलिकॉनच्या नळीतली घ्या, आयपी६७ लिहिलेली. नुसता वरून थर दिलेली आयपी६५ झाकणात फार टिकत नाही. कापलेल्या टोकाला टोपी बसवून सिलिकॉन भरा, पण ते न्यूट्रल क्युअरचं हवं. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉननं काच छान चिकटते, पण तांबं खाल्लं जातं. तुमचं हिरवं पडलेलं टोक कदाचित त्यामुळंच. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवली की आवळून बसणारी. काळी टेप वाफेत सुटते.

जुना एसएमपीएस वाया जाऊ देऊ नका. तीन पिनांची वायर लावून, अर्थ जोडून, कोरड्या जागी तो उत्तम चालतो.

कृष्णाकाठ_झाडं

मिरज_बेंच यांनी सुरक्षेचं सगळं सांगितलंच, मी उजेडाबद्दल लिहिते. मी गावभागातली, माझ्याकडे फक्त झाडांच्या टाक्या आहेत.

ताई, तीन ओळी तुमच्या टाकीला जास्त होतात. २ बाय १ बाय १ म्हणजे काठोकाठ ५६ लिटर, खडी वगैरे धरून खरं पाणी ४५ च्या आसपास. अनुबियास आणि जावा फर्न सावलीतली झाडं, लिटरला २० ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात, म्हणजे हजारभर ल्युमेन. ५०५० या मापाच्या एलईडीची, मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते. दोन फुटी तीन ओळी म्हणजे २६ वॅट. दोनच ओळी ठेवा, १७ वॅट होतात, करंट दीड अँपिअर. मग २ अँपिअरचा अॅडॅप्टर आरामात चालतो आणि तापतही नाही. ६५०० केल्व्हिनची पांढरी पट्टी घ्या, निळसर नको. लाइट सात तास, टायमरवर. आता अनुबियासच्या पानांवर काळे केसाळ ठिपके येत असतील तर ते जास्त उजेडामुळं असण्याची शक्यता मोठी.

एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत सगळ्यांनी बोर्ड कमरेच्या वर घेतले, पण टाकीसाठी पूर यावा लागत नाही. पाणी बदलताना बादली कलंडली तरी पुरे. आणि प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी त्याच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या. वायरवरून ओघळणारं पाणी तिथंच खाली ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. एअर पंपाच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे ना? पंप पाण्याच्या खाली ठेवलेला असेल तर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं.

सदरबझार_सातारा

आमच्याकडे इन्व्हर्टर बसवल्यावर आरसीसीबी सारखा पडायला लागला, म्हणून वायरमननं तो बायपासच केला. यावर उपाय आहे का?

मिरज_बेंच

आहे, आणि बायपास आजच काढून घ्या. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल घरातल्या दुसऱ्या न्यूट्रलशी एकत्र केली असणार. करंट एका वाटेनं जातो, दुसऱ्या वाटेनं परत येतो आणि आरसीसीबीला ती गळती वाटते. इन्व्हर्टरवरच्या पॉइंटची न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळी ओढायची आणि टाकीचा आरसीसीबी इन्व्हर्टरच्या पुढं, टाकीच्या बाजूला लावायचा. तरीही इन्व्हर्टर चालू असताना पाण्यात हात घालायचा असेल तर पिन काढूनच.

अनुबियास_विश्रामबाग

दुसऱ्या वायरमनला बोलावलं होतं. सॉकेटचं अर्थिंग नीट निघालं, पण एक्स्टेन्शन बोर्डच्या वायरमध्ये अर्थची तारच नव्हती, दोनच तारा! पाण्यातला आकडा लाइटमुळं थोडा वर जात होता, आणि हिटर चालू केल्यावर थेट २०० च्या वर गेला. काढून उजेडात धरला तर रबराच्या बुचाखाली बारीक चीर दिसली. आरसीसीबी उद्या बसतोय. पानांवर काळे ठिपके आहेतच, त्यामुळे दोन ओळी नक्की. हिटरचं काय करू, कचऱ्यात टाकला तर चालेल?

मिरज_बेंच

हिटर सापडला हे फार बरं झालं. टाकताना वायर हिटरच्या बुडापासून कापून वेगळी करा, नाहीतर भंगारातून कुणीतरी चालू आहे म्हणून उचलेल. नवा घेतलात तर पाणी बदलायच्या पंधरा मिनिटं आधी पिन काढून तो गार होऊ द्या. गरम काच पाण्याबाहेर आली की तडकते, तुमची चीर बहुधा तशीच पडली असावी. आणि आरसीसीबी बसला की टेस्टचं बटण वायरमनसमोरच दाबून बघा, तो घरी असतानाच.