‘पाणी असतंय, आपोआप जातंय’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

मंगळवारपेठेतली
काल आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर एका काकांनी मेसेज टाकला, की जन्मल्या जन्मल्या ऐकू येतंय का बघायला बाळाच्या कानात मशीन घालणं हा पैसे काढायचा धंदा आहे, आधी ‘रेफर’ (पास नाही, परत तपासा) म्हणून घाबरवतात, महिन्याभरानं तेच बाळ पास होतंय, पडद्यामागं पाणी असतंय ते आपोआप जातंय. त्यावर पंधरा जणांचे अंगठे. रात्रभर डोक्यातनं गेलं नाही म्हणून इथं लिहिते.

माझा मुलगा गेल्या जुलैत झाला. दुसऱ्या दिवशी ओएई (कानात आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिध्वनी येतोय का बघायची टेस्ट) केली, डावा पास, उजवा रेफर. कागद हातात दिला आणि सिस्टर पुढच्या खाटेकडं गेल्या. रेफर म्हणजे काय हे कुणी सांगेना. त्या रात्री टाके दुखत असताना मी वाटी-चमचा घेऊन बसले होते, वाजवायचं आणि दचकतोय का बघायचं. त्यामुळं आईबाप कसे रडतात हे मला माहीत आहे. पण चूक मशीनची नव्हती, न सांगणाऱ्यांची होती.

तीन आठवड्यांनी परत केली, परत रेफर. मग ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी १००० हर्ट्झवर टिंप केली (कानात हवेचा दाब बदलून पडदा हलतोय का बघतात, हलला की आलेखाला टोक येतं), उजव्या कानाचा आलेख सपाट. बेरा (आवाज नसेतनं मेंदूपर्यंत पोचतोय का बघायची टेस्ट) केली, त्यात हाडावरनं आवाज देऊन बघितलं तर आतला कान, नस सगळं व्यवस्थित. म्हणजे अडथळा मधल्या कानात. साडेतीन महिन्यांनी टिंपला टोक आलं, ओएई पण पास. गेलं पाणी आपोआप, होय. पण ते पाणीच आहे हे तपासल्यावर कळलं.

शाहूपुरीतला
मला तो मेसेज पटतोय. ताई, तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे की. गेलंच ना शेवटी? मग साडेतीन महिने पळापळ करून मिळवलं काय? माझ्या बहिणीच्या पोरीची टेस्ट चोवीस तास व्हायच्या आत केली, दोन्ही कान रेफर. बहीण दोन दिवस जेवली नाही, दूध कमी झालं, वरचं दूध सुरू करावं लागलं, आणि सासरकडनं फोन, ‘तुमच्यात कुणी बहिरं आहे का?’ हे आईला ऐकावं लागलं माझ्या. दीड महिन्यानं पास. पोरगी आता बोलून घर डोक्यावर घेतीय. तो दीड महिना कोण परत देणार? आणि बिलात काय काय लावलंय विचारलं तर म्हणे पॅकेजमध्ये आहे.

कागलची आई
दादा, तुमची पोरगी बोलतीय, देवाची कृपा. माझी ऐका.

आमच्या पोरीचा पण रेफर आला होता. ‘पाणी असेल, सहा महिन्यांनी बघू’ असं तोंडी सांगितलं आणि विषय संपला. टिंप नाही, बेरा नाही. आम्हीबी खूश, कारण तेच ऐकायचं होतं. दार आपटलं की वळायची, ताट पडलं की बघायची, सासूबाई म्हणायच्या आमच्या घरात पोरं उशिराच बोलतात. दोन वर्षं झाली तरी ‘आई’ नाही. अडीच वर्षांची असताना बेरा झाली, दोन्ही कानांत नसेचा दोष, तो जन्मापासनंच असणार म्हणाले. दार आपटल्यावर वळायची ती हादऱ्यानं. आता मशीनं लावलीत, स्पीच थेरपीसाठी आठवड्यातनं दोनदा एस्टीनं कोल्हापूरला येतो. तुमचा दीड महिना गेला, माझी अडीच वर्षं गेली. त्या ‘पाणी असेल’ या दोन शब्दांवर गेली.

ऑडिओलॉजीवाली
रोज हेच काम करते म्हणून थोडं बोलते.

ओएईत आवाज मधल्या कानातून आत जातो आणि आतल्या कानाचा प्रतिध्वनी त्याच वाटेनं बाहेर येतो. वाट दोनदा ओलांडायची असल्यानं थोडंसं पाणी किंवा जन्माच्या वेळचा पांढरा चिकटा असला तरी रेफर येतं. म्हणून पहिल्या २४ तासांत घाई करू नये, ४८ तासांनंतर रेफर बरेच कमी होतात. शाहूपुरीचे दादा इथं बरोबर आहेत.

पण टिंप कुठल्या आवाजावर केली हे विचारत जा. मोठ्यांची टिंप २२६ हर्ट्झवर करतात. तान्ह्या बाळाच्या कानाची नळी मऊ असते, दाब बदलला की तिच्या भिंतीच हलतात, मग पडद्यामागं पाणी असूनसुद्धा आलेखाला छान टोक येऊ शकतं. म्हणून साधारण सहा महिन्यांपर्यंत १००० हर्ट्झच हवं. आणि पाणी सापडलं म्हणजे नस चांगली, असं होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतं. कागलच्या ताईंच्या बाबतीत पाणी खरंच होतं का, हेही कुणी बघितलं नाही.

जन्मजात कमी ऐकू येणारी मुलं हजारात १ ते ३ असतात. पहिल्या महिन्यात स्क्रीनिंग, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हा हिशोब त्यांच्यासाठी आहे.

एक विनंती. तपासणीला आणताना बाळाच्या कानात तेल घालू नका. प्रोब (मशीनचं कानात घालायचं टोक) बुजतो, रिपोर्ट चुकतो. खरं तर एरवीही घालू नका.

उत्तरेश्वरची आजी
झालं! आता तेलावर आलात. मी पाच पोरं आणि नऊ नातवंडं तेल घालून वाढवली, टाळू भरली, कान भरलं, नाकात दोन थेंब सोडलं. एकाचाबी कान फुटला न्हाई. आमच्या मालिशवाल्या मावशी चाळीस वर्षं हे काम करत्यात. त्यांना कोण शिकवणार, काल शिकून आलेल्या पोरी?

गंगावेशचा
आजी, वयाचा मान ठेवून सांगतो. माझ्या धाकट्याला असंच लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडलं होतं, माझ्याच आईनं. पडद्याला भोक होतं हे कुणाला माहीत? आठ महिन्यांचं पोर रात्रभर किंचाळत होतं. नंतर बुरशी झाली, कान साफ करायला किती चकरा मारल्या. पाच पोरांचं निभावलं म्हणून सगळ्यांचं निभावतंय असं न्हवे.

उत्तरेश्वरची आजी
तुझ्या आईनं मुद्दाम केलं का? आमच्या वक्ताला डॉक्टर किती होतं, काही दुखलं खुपलं तर तेल, शेक आणि धुरी, दुसरं काय होतं हातात? आजीनं केलं ते सगळं अडाणीपणा, असंच वाटतंय तुम्हाला.

गंगावेशचा
अडाणी मी म्हटलेलं नाही. आईला मी एका शब्दानं बोललो नाही, ती स्वतःच अजून रडतीय. पण दुसऱ्याच्या पोराला तेच होऊ नये म्हणून बोलायचं का नाही?

ऑडिओलॉजीवाली
आजी, टाळूला लावा, अंगाला चोळा, मावशींच्या हातात कसब आहे हे मी माझ्या बाळंतपणात बघितलंय. फक्त कानाच्या आत नको. आणि आडवं झोपवून बाटलीनं पाजू नका, दूध घशातनं मधल्या कानाकडं चढतं.

उत्तरेश्वरची आजी
बाटलीचं मीच सुनेला कवापासनं सांगतोय. कानाचं बघू. पोर असं रडलं असेल तर न्हाई घालणार.

शाहूपुरीतला
तेलात सगळं वाहून गेलं, माझ्या प्रश्नाचं काय? ठीक आहे, कागलच्या ताईंचं वाचून मी गप्प बसलो होतो. टेस्ट नको हे मागं घेतो. पण दुसरं काही मागं घेणार नाही. आई अर्धी शुद्धीत असताना ‘रेफर’ एवढाच शब्द सांगून जायचं नाही. ‘परत तपासायचंय, बहुतेक बाळं पुढच्या वेळी पास होतात, या तारखेला या’ एवढं मराठीत कागदावर लिहून द्या की. आणि पैसे लागत असतील तर आधी सांगा.

मंगळवारपेठेतली
हे मान्य. मला तो कागद मिळाला असता तर वाटी-चमचा घेऊन बसले नसते. सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमातसुद्धा २०१३ पासनं जन्मजात बहिरेपणा यादीत आहे, त्यामुळं सगळ्यांनी खासगीतच जावं असंही नाही. अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात विचारा.

कागलची आई
आणि ‘पाणी असेल’ म्हटलं की विचारा, बघितलं का? कशावर बघितलं?

शिरोळकर
मध्येच विचारतो, माफ करा. पुतणी सोळा दिवसांची, पहिले सहा दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती, काविळीसाठी लाइटखाली ठेवली होती. ओएई दोन्ही कान पास आहे. तरी बेरा करायची का? घरचे म्हणतात पास झालीय, सोडून द्या.

ऑडिओलॉजीवाली
करायची. एनआयसीयूत पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळात आतला कान चांगला असून नसेतच अडथळा असू शकतो, तो ओएईत दिसत नाही, बेरात दिसतो. घाबरू नका, बाळ झोपेत असताना होते, दुखत नाही. पाजून, झोपेच्या वेळेला आणा.

उत्तरेश्वरची आजी
आणि कान कोरडं ठेवून न्या. मावशीला आधीच सांगून ठेवा, न्हाईतर ती सवयीनं सोडतीय.